बोलण्यातलं इंग्रजी: "वोन्ट", "आय'ड", "ही'ज" हे आधी कानाला शिकवायचं की तोंडाला?

कृष्णाकाठ
मंडळी, वाळवा तालुक्यातल्या एका वाचनालयात मे महिन्यात बोलक्या इंग्रजीचा वर्ग आहे. बारावी, आयटीआय, डिप्लोमा झालेली मराठी माध्यमाची मुलं येणार. त्यांच्यासाठी इंग्रजीतल्या शॉर्ट फॉर्मवर, म्हणजे "विल नॉट"चं "वोन्ट" अशा आखडलेल्या रूपांवर, दोन पानांचं टिपण करायचंय.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळं "आय विल नॉट गो" मुलांना वाचता येतं, लिहिता येतं. पण फोनवर समोरचा "आय वोन्ट गो" म्हणाला की "आय वॉन्ट" ऐकू येतं आणि नकाराचा सरळ होकार होऊन बसतो. पुस्तकांत नुसता तक्ता असतो, डावीकडं पूर्ण रूप, उजवीकडं शॉर्ट फॉर्म, करा पाठ. माझं मत असं की तक्ता शेवटी द्यावा. शब्दाच्या शेपटीला चिकटलेला तो एक आवाज काळ बदलतो, होकार-नकार बदलतो. तो ऐकू यायला लागल्याशिवाय बोलण्याचा सराव वाया जातो.

तुम्ही कुठून सुरुवात कराल? नेमक्या कुठल्या जोड्या घ्याव्यात?

अजिंक्यतारा
कानापासूनच. आणि पहिली जोडी "वोन्ट" नाही, "कॅन" आणि "कान्ट" घ्या. सगळ्यात जास्त घोटाळा तिथं होतो.

आपली पोरं "आय कॅन डू इट" म्हणताना "कॅन" ठासून म्हणतात. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस होकारात "कॅन" जवळजवळ गिळतो, "आय क्न डू इट" असं, आणि जोर "डू"वर देतो. नकारात मात्र जोर मदतीच्या क्रियापदावर येतो. ब्रिटिश माणूस "कान्ट" म्हणतो, तिथं "का" लांब असल्यानं ओळखू येतं. अमेरिकन माणूस "कॅन्ट" म्हणतो आणि शेवटचा "ट" तोंडातच अडवतो, सोडत नाही. म्हणजे त्याच्या कानाला ठसठशीत "कॅन" हीच नकाराची खूण. आपला पोरगा "मी करू शकतो" म्हणून ठासून सांगतोय आणि पलीकडं "करू शकत नाही" पोचतंय.

म्हणून मुलांना "ट" शोधायला सांगू नका. स्वर आणि जोर ऐकायला सांगा. अपवाद एकच, वाक्य तिथंच संपत असेल, म्हणजे "येस, आय कॅन", तर होकारातही स्वर पूर्ण येतो. आणि पैशाचा, तारखेचा मामला असेल तर सरळ "कॅनॉट" म्हणायचं. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही.

रानमेवा
मला पटत नाही. जो आवाज तोंडानं काढता येत नाही तो कानाला पकडता येत नाही. आधी तोंड.

कराडकर_बाई
@रानमेवा, दोन्ही हातात हात घालून चालतं, पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. "डिडन्ट", "कुडन्ट", "वुडन्ट", "शुडन्ट" घ्या. आपल्याकडं मुलं "डिडंट" म्हणतात, मध्ये स्वच्छ "अ" घालून. मूळ उच्चारात तिथं स्वरच नाही. "ड" म्हणताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते ती तिथंच राहते, हवा नाकातून सुटते, "न" होतो, मग "ट". जीभ मध्ये हलली की "अ" घुसतो.

हे मुलांना अवघड नाही, कारण मराठीत ते रोज करतात. "प्रयत्न" सावकाश म्हणायला लावा. "त" आणि "न" यांच्यामध्ये जीभ जागची हलत नाही, फक्त हवेची वाट बदलते. "प्रयत्न, रत्न, यत्न" असं पाच-सहा वेळा म्हणवून घ्या आणि लगेच "डिड्न्ट, कुड्न्ट" वर या. आवाज आपोआप बसतो. "मस्न्ट" वेगळं आहे, त्यातला पहिला "ट" कुणी उच्चारत नाही. लिहिताना असतो, बोलताना नाही.

कृष्णाकाठ
बाई, "प्रयत्न"चा उपाय टिपणात पहिल्या पानावर जाणार. "वोन्ट" आणि "वॉन्ट"साठी असं काही आहे का?

कराडकर_बाई
स्वरावर थोडं काम करा. "वोन्ट"मध्ये "ओ"कडून "उ"कडं ओठ गोल होत जातात, "वॉन्ट"मध्ये तोंड उघडं राहतं. पण तो फरक ऐकू आला नाही तरी पुढचा शब्द सांगतोच. "वोन्ट"नंतर क्रियापद थेट येतं: "आय वोन्ट गो". "वॉन्ट"नंतर "टू" येतो किंवा वस्तू येते: "आय वॉन्ट टू गो", "आय वॉन्ट टी". म्हणजे शेपटी निसटली तर मागचं सोडून पुढचं ऐकायचं. ही सवय सगळ्याच शॉर्ट फॉर्मना लागू पडते.

तासगाव_एक्स्प्रेस
पुढचं ऐकायचं हे लाख बोललात. "ड" आणि "स" या दोन शेपट्यांचं तर त्याशिवाय भागतच नाही, कारण एका शेपटीत दोन-तीन क्रियापदं दडलेली असतात.

"आय'ड"मधला "ड" म्हणजे "हॅड" किंवा "वुड". पुढं क्रियापदाचं मूळ रूप आलं, "आय'ड गो", तर "वुड". तिसरं रूप आलं, "आय'ड गॉन", तर "हॅड". "आय'ड लाइक", "आय'ड रादर" यांत "वुड" आणि "आय'ड बेटर"मध्ये "हॅड". हे शेवटचं पाठच करावं लागतं, कारण त्याच्यापुढं मूळ रूप येऊनही तो "हॅड"च असतो. आणि प्रश्नार्थक शब्दाला चिकटलेला "ड" बऱ्याचदा "डिड" असतो: "व्हेअर'ड यू गो?", "हाऊ'ड इट गो?"

"ही'ज" म्हणजे "ही इज" किंवा "ही हॅज". पुढं "इंग"वालं रूप, विशेषण किंवा जागा आली तर "इज". "बीन" किंवा "गॉट" आलं तर डोळे झाकून "हॅज". "व्हॉट्स ही वॉन्ट?" असं ऐकलं तर तिथं "डज" आहे, पण ते फक्त बोलण्यात, लिहायचं नाही. "लेट्स"मधला "स" तर क्रियापदच नाही, तो "अस".

आवाजही बदलतो. "इट्स", "दॅट्स", "व्हॉट्स" यांत खरा "स". "ही'ज", "शी'ज", "देअर'ज" यांत गुणगुणणारा "झ". आणि शब्दच "स", "श", "च"नं संपत असेल तर पूर्ण "इझ" ऐकू येतं. "द बस इज लेट" जोडून म्हटलं तरी "बसिझ लेट"च होणार.

माणगंगा
"ही'ज" आणि "हिज" सारखंच ऐकू येतं की हो! "ही'ज ब्रदर" का "हिज ब्रदर"?

तासगाव_एक्स्प्रेस
@माणगंगा, "ही'ज"मधली "ई" लांब, "हिज"मधली ऱ्हस्व. भराभर बोलताना फरक कमी होतो हे खरं. पण "हिज"नंतर वस्तू किंवा माणूस येणारच: "हिज ब्रदर". "ही'ज"नंतर नातं सांगायचं असेल तर मध्ये काहीतरी लागतं: "ही'ज माय ब्रदर". परत तेच, पुढचा शब्द ऐका.

पाटील_औंध
एवढा आटापिटा कशाला? पूर्ण रूपं शुद्ध आहेत, कुणालाही कळतात. पोरांना "आय अ‍ॅम", "डू नॉट" स्वच्छ बोलू द्या. ही तोडमोड म्हणजे हल्लीचं मोबाइलचं इंग्रजी.

अजिंक्यतारा
@पाटील_औंध, दादा, हल्लीचं अजिबात नाही. "गलिव्हर"वाल्या जोनाथन स्विफ्टनं १७१० मध्ये असल्या रूपांवर जाहीर टीका केली होती, म्हणजे तेव्हाच ती लंडनमध्ये सर्रास होती. "वोन्ट" तर त्याहून जुनं. मध्ययुगातल्या इंग्रजीत "विल"चं "वोल" असंही रूप होतं, त्याला नकार चिकटून "वोन्ट" झालं. पुढं "वोल" गेलं, "विल" राहिलं, शॉर्ट फॉर्म मात्र जुनाच टिकला. म्हणून तो तक्त्यात बेसूर दिसतो.

आणि पूर्ण रूप कळतं हे बरोबर, पण त्याचा अर्थ नुसता शुद्ध असा होत नाही. गप्पांत पूर्ण रूप म्हणजे जोर. कुणी "आर यू कमिंग?" विचारलं आणि उत्तर "आय अ‍ॅम कमिंग" असं "अ‍ॅम"वर ठासून आलं, तर ते "येतोय म्हटलं ना!" असं ऐकू येतं. "आय डिड नॉट से दॅट" हे भांडणातलं वाक्य आहे. साधं सांगायचं तर "आय डिडन्ट से दॅट". मराठीतही कुणी घरी फोनवर "मी येतो आहे" म्हणत नाही, "येतोय" म्हणतो. "मी येत आहे, मी करत आहे" असंच बोलणारा माणूस आपल्याला बातम्या वाचतोय असा वाटतो, तसंच त्यांना वाटतं.

पाटील_औंध
जोराचा मुद्दा पटला. तो टिपणात हवाच. म्हणजे पूर्ण रूप टाकाऊ नाही, राखून ठेवायचं आहे.

रानमेवा
मराठीचा आधार घेताय तर एक धोका सांगतो. मराठीत "चाललंय", "झालंय", "बरंय" असं वाक्याच्या शेवटी जोडून चालतं. इंग्रजीत होकाराच्या शेवटी चालत नाही. "आर यू रेडी?" याचं उत्तर "येस, आय'म" होत नाही, "येस, आय अ‍ॅम"च. "शी'ज टॉलर दॅन आय'म" चूक. आपल्या मुलांचं हमखास चुकतं ते इथं.

कराडकर_बाई
रानमेवा, नियम अगदी बरोबर. कारणही सांगायला हवं, म्हणजे लक्षात राहतं. "आय'म"नंतर जे यायला हवं ते गाळलेलं असेल, म्हणजे "रेडी" हा शब्द मनात ठेवून सोडून दिला असेल, तर तिथं क्रियापद पूर्णच म्हणावं लागतं, ते आखडता येत नाही. म्हणून वाक्याच्या मध्येही असं होतं: "आय डोन्ट नो व्हेअर ही इज टुडे". तिथं "व्हेअर ही'ज टुडे" म्हणता येत नाही, वाक्य "टुडे"वर संपत असलं तरी.

नकाराला ही अडचण नाही, कारण तिथं क्रियापद पूर्णच राहतं, आखडतो तो "नॉट". "नो, आय डोन्ट", "नो, ही इझन्ट", "नो, दे हॅवन्ट" सगळं बिनधास्त. "अ‍ॅम"ला मात्र प्रमाण इंग्रजीत नकाराचा शॉर्ट फॉर्मच नाही. "आय'म नॉट" म्हणायचं, आणि प्रश्नात "आरन्ट आय?" हे विचित्र वाटलं तरी तेच बरोबर. "अ‍ॅमन्ट" स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या बोलीत आहे, आपल्या मुलांनी वापरू नये.

नकारार्थी प्रश्नाचा क्रमही टिपणात घ्या. जोडला तर "इझन्ट ही कमिंग?", सोडवला तर "इज ही नॉट कमिंग?" सोडवताना "नॉट" कर्त्याच्या पलीकडं जातो. "इज नॉट ही कमिंग?" असं कुणी बोलत नाही.

हळद_पेठ
सांगलीतल्या व्यापाऱ्यांच्या बाजूनं लिहितो. मुलं शिकून इथंच हळद-बेदाण्याच्या निर्यातीच्या ऑफिसात लागतात, त्यांना ईमेल कसं लिहायचं हा प्रश्न असतो. सरळ हिशोब असा. ओळखीच्या खरेदीदाराला रोजचं ईमेल: "वी'ल सेंड द सॅम्पल्स ऑन मंडे" चालतं, उलट जवळीक वाटते. दराचं पत्र, करार, तक्रारीला उत्तर, बँकेचं पत्र यांत पूर्ण रूप. आणि नकार जिथं पैशाशी बांधलेला आहे तिथं "नॉट" सुटा लिहायचा. "वी डू नॉट अ‍ॅक्सेप्ट रिटर्न्स"मधला "नॉट" घाईत वाचणाऱ्याच्याही डोळ्यात भरतो, "डोन्ट"ची शेपटी निसटते.

एका ईमेलात दोन्हीची भेसळ मात्र करू नका. वर "वी'ल" आणि खाली "वी शॅल नॉट बी लाएबल" असं आलं की दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

"आय'व अ डाउट", "आय'व टू गो" हे आपल्याकडं फार ऐकू येतं. "हॅव" मदतीचं क्रियापद असेल तेव्हाच तो बिनधोक आखडतो: "आय'व सेंट". मालकी किंवा गरज सांगताना "आय हॅव अ क्वेश्चन", "आय हॅव टू गो", नाहीतर "आय'व गॉट टू गो". "आय'व अ कार" जुन्या ब्रिटिश वळणाचं आहे, अमेरिकन खरेदीदाराला खटकेल.

शिवार
परीक्षेत चालतं का? आमच्याकडं बरीच मुलं आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेला बसतात.

तासगाव_एक्स्प्रेस
आयईएलटीएसच्या निबंधात, म्हणजे टास्क दोनमध्ये, टाळायचं. परीक्षेचे दोन प्रकार, त्यातल्या अ‍ॅकॅडमिकच्या टास्क एकमध्येही. दुसऱ्या, जनरल ट्रेनिंगमध्ये मित्राला पत्र आलं तर उलट वापरायचं, नाहीतर पत्राचा सूर जुळत नाही. साहेबाला पत्र असेल तर पूर्ण रूप. बोलण्याच्या परीक्षेत न वापरता भागणार नाही. ऐकण्याच्या परीक्षेत उत्तर म्हणून शॉर्ट फॉर्म लिहायला लागेल असे प्रश्न येत नाहीत, त्यामुळं शब्दमर्यादेत तो एक धरायचा की दोन ही काळजी नको.

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेत वाक्य बदलायचा प्रश्न असतो, तिथं मात्र मोजदाद वेगळी. "इझन्ट" दोन शब्द धरतात, "कान्ट" एकच, कारण त्याचं पूर्ण रूप "कॅनॉट" एकच शब्द आहे.

माणगंगा
आणि "गॉना", "वॉना"? पोरं गाण्यांतून तेच शिकतात.

अजिंक्यतारा
ऐकून कळलंच पाहिजे. बोलताना तीन ठिकाणी जपायचं.

"गॉना"पुढं फक्त क्रियापद. "आय'म गॉना कॉल यू" बरोबर. "आय'म गॉना सातारा" चूक, जागेसाठी "गोइंग टू सातारा"च. शिवाय "आय'म" सोडून नुसतं "आय गॉना" म्हणू नये.

"वॉना" म्हणजे "वॉन्ट टू" किंवा "वॉन्ट अ". "ही", "शी"बरोबर नाही, तिथं "वॉन्ट्स टू".

तिसरी गोष्ट बारीक आहे. "हू डू यू वॉना मीट?" चालतं, कारण भेटणारा "यू"च आहे. पण "कोण जिंकावं असं तुला वाटतं?" विचारताना "हू डू यू वॉन्ट टू विन?" पूर्णच म्हणतात, कारण जिंकणारा वेगळा आहे, तो "वॉन्ट" आणि "टू"च्या मधून उचलून पुढं नेलाय. ती जागा रिकामी असली तरी जोडू देत नाही.

"एन्ट" ऐकून समजून घ्या, वापरू नका. तो "इझन्ट", "आरन्ट", "हॅझन्ट", "हॅवन्ट" सगळ्यांच्या जागी येतो आणि प्रमाण मानला जात नाही.

शिवार
लिहिण्यातली एक अडचण. मोबाइल अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे शॉर्ट फॉर्ममधली ती वरची खूण, आपोआप घालतो म्हणून मुलं निर्धास्त असतात. "डोन्ट"ला घालतो, कारण त्याशिवाय तो शब्दच नाही. पण "वी'ल"मधली खूण काढली की "वेल" होतो, "आय'ल"चा "इल", "शी'ल"चा "शेल", "ही'ल"चा "हेल". हे सगळे खरे शब्द, म्हणून मोबाइल कधी गप्प बसतो तर कधी भलतीकडंच खूण घालतो. पाठवण्याआधी ते एवढे शब्द डोळ्याखालून घालायचे.

"इट्स"चं तर सोपं आहे. मनात "इट इज" किंवा "इट हॅज" घालून वाचा, बसलं तर खूण, नाहीतर नाही. "त्याचं, तिचं" दाखवणाऱ्या "हिज", "हर्ज"ला खूण नसते, तशी मालकीच्या "इट्स"लाही नाही. आणि "कुड'व" ऐकून "कुड ऑफ" लिहितात, कारण दोन्हींचा उच्चार "अव्ह"च येतो. "कुड", "शुड", "वुड"नंतर "ऑफ" कधीच नाही.

पतसंस्था, शाळा इंग्रजीत एसेमेस पाठवतात त्यांच्यासाठी: अ‍ॅपॉस्ट्रॉफी सरळ ठेवा. वर्डमधून कॉपी केलेली वाकडी खूण एसेमेसच्या साध्या अक्षरसंचात नाही. ती एक आली की १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते आणि एका मेसेजचे दोन-तीन मेसेज होऊन बिल वाढतं.

पाटील_औंध
ही एसेमेसची माहिती लाखमोलाची. आमच्या सोसायटीच्या क्लार्कला आत्ताच पाठवतो.

कराडकर_बाई
"लेट्स" तासगावकरांनी ओझरतं सांगितलं, ते मराठी मुलांना फार पटकन कळतं. "लेट्स गो" म्हणजे "चला, आपण जाऊ", ऐकणारा त्यात आलाच. "लेट अस गो" म्हणजे "आम्हाला जाऊ द्या"सुद्धा होऊ शकतं, त्यात ऐकणारा नाही. इंग्रजीत "आपण" आणि "आम्ही" यांना एकच शब्द, पण इथं शॉर्ट फॉर्म तो फरक पाडतो. म्हणून "लेट्स" हा ऐच्छिक शॉर्ट फॉर्म म्हणून शिकवू नका. "आपण"वाल्या अर्थाला तोच वापरायचा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडं येतो. क्रम असा ठरवलाय: पहिल्या दिवशी "कॅन-कान्ट", "वोन्ट-वॉन्ट" फक्त ऐकणं. दुसऱ्या दिवशी "प्रयत्न"वरून "डिड्न्ट" म्हणणं, रानमेवांचंही ऐकलं. मग "ड" आणि "स"च्या शेपट्या, पुढचा शब्द ऐकून. तक्ता शेवटी.

शेपट्यांसाठी पाच वाक्यं काढलीत. मी वाचणार, मुलांनी पूर्ण रूप लिहायचं. "ही'ज बीन सिक." "शी'ड टेल यू." "दे'ड लेफ्ट." "दे'ड कम." "आय'ड रेड इट." तपासून द्या.

तासगाव_एक्स्प्रेस
पहिली तीन ठीक. चौथं काढा. "कम"चं मूळ रूप आणि तिसरं रूप एकच, त्यामुळं "दे हॅड कम" आणि "दे वुड कम" दोन्ही बरोबर ठरतात, ज्यानं "वुड" लिहिलं त्याचे मार्क कापता येणार नाहीत. "रन", "बिकम", "पुट", "कट", "हिट" यांचंही तेच. ठेवायचंच असेल तर आधार द्या: "दे'ड ऑलरेडी कम" म्हणजे "हॅड", "दे'ड कम इफ यू आस्क्ड" म्हणजे "वुड".

पाचवं तोंडी चांगलं आहे. "रेड" ऐकलं तर "हॅड", "रीड" ऐकलं तर "वुड". पण स्पेलिंग दोन्हीचं एकच असल्यानं कागदावर ते सुटत नाही. छापील टिपणात घेऊ नका, वाचूनच दाखवा.

कृष्णाकाठ
बरोबर. चौथं "ऑलरेडी" घालून ठेवतो, पाचवं टिपणातून काढलं, वर्गात वाचूनच घेतो.